फ्री रॅडिकल, बटाटा आणि कमला सोहोनी

मागच्या दिवाळीत मावशीने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एक जाहिरात पाठवली. चकचकीत डबा, त्यावर जांभळी फळं आणि खाली लाल अक्षरांत इशारा, की शरीरातले फ्री रॅडिकल तुम्हाला रोज आतून गंजवत आहेत. एका डब्याची किंमत अठराशे रुपये. मावशी गडचिरोली जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातल्या एका गावात अंगणवाडी सेविका आहे. या पावडरची एजन्सी घेतलेला एक माणूस तिच्या मागे लागला होता. तिने स्वतः दोन डबे घ्यावेत आणि गावातल्या गरोदर बायकांनाही सांगावं, असा त्याचा आग्रह. मावशीचं मला एकच विचारणं होतं: तू इंजिनिअर आहेस ना, मग हे फ्री रॅडिकल म्हणजे काय ते सांग, आणि डबा घ्यायचा की नाही तेही सांग.

मी चंद्रपूरची, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये काम करते. फ्री रॅडिकल हा शब्द मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला शेवटचा लिहिला होता. प्लास्टिक कसं बनतं या प्रश्नाचं उत्तर पाठ करून लिहिलं, मार्क मिळाले, विषय संपला. मावशीला काय सांगावं हे मला खरंच कळेना. दोन-तीन रविवार वाचण्यात घालवले आणि वाचता वाचता एका ओळखीच्या नावाशी येऊन थांबले: कमला सोहोनी. १८ जून २०२३ला गुगल उघडल्यावर ज्यांचं डूडल दिसलं होतं, त्याच. तेव्हा मी दोन सेकंद बघून पुढे स्क्रोल केलं होतं. आज त्यांच्याबद्दल नीट सांगते. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्या आयुष्यातूनच जातं.

आधी इलेक्ट्रॉनचं गणित

रेणूमध्ये दोन अणू एकमेकांना धरून असतात ते इलेक्ट्रॉनच्या जोडीमुळे. इलेक्ट्रॉनला जोडीत राहायला आवडतं असं समजा. हा बंध तुटला तर दोन गोष्टी होऊ शकतात. एकतर जोडीतले दोन्ही इलेक्ट्रॉन एकाकडे जातात, किंवा प्रत्येकाच्या वाट्याला एकेक येतो. दुसऱ्या प्रकारात जे तुकडे उरतात, त्यांच्याकडे एक एकटा, जोडी नसलेला इलेक्ट्रॉन असतो. हेच फ्री रॅडिकल, पाठ्यपुस्तकातलं मुक्त मूलक.

असा तुकडा शांत बसत नाही. शेजारच्या रेणूकडून इलेक्ट्रॉन ओढतो. त्याचं काम होतं, पण आता शेजारी एकटा पडतो. मग तो पुढच्याकडून ओढतो. कोडमध्ये थांबण्याची अट लिहायला विसरलं की लूप फिरतच राहतो, तशी ही साखळी चालू राहते. दोन रॅडिकल एकमेकांना भेटले आणि त्यांची जोडी जमली, की साखळी तुटते. पिशव्यांचं पॉलिथिन याच साखळीने बनवता येतं, आणि डब्यात जुनं झालेलं तेल खवट होतं तेही याच साखळीने.

रसायनशास्त्रात अशा क्षणिक पाहुण्यांना मिळून रिअ‍ॅक्टिव्ह इंटरमीडिएट म्हणतात. फंक्शन चालू असताना तात्पुरता व्हेरिएबल तयार होतो आणि फंक्शन संपलं की पुसला जातो, तसं. सुरुवातीच्या यादीत तो नसतो, शेवटच्या उत्तरात नसतो, पण मधलं सगळं काम त्याच्यावर चालतं. शरीरातलं हायड्रॉक्सिल रॅडिकल साधारण एका सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतकंच टिकतं. एवढ्या वेळात कुणाला पकडणार?

म्हणूनच १९००पर्यंत बहुतेक रसायनशास्त्रज्ञांना कार्बनचं रॅडिकल सुटं मिळणं अशक्य वाटत होतं. त्या वर्षी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग यांना दुसराच एक पदार्थ बनवताना ट्रायफिनाइलमिथाइल नावाचं रॅडिकल सापडलं. तीन मोठ्या वलयांच्या मधोमध बसल्यामुळे ते जरा शांत होतं, टिकत होतं. तिथून या विषयाला सुरुवात झाली. पण सजीवांच्या शरीरातही एकट्या इलेक्ट्रॉनचा कारभार चालतो, हे मान्य व्हायला आणखी बरीच वर्षं जायची होती. त्या मधल्या काळात आपली गोष्ट घडते.

बंगलोरचं बंद दार

कमला भागवत यांचा जन्म १८ जून १९११चा, इंदूरचा. मोठी बहीण म्हणजे दुर्गा भागवत, पुढे १९७५च्या कराडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या त्या. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ, बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सुरुवातीच्या काळात शिकलेले. तिला तेव्हा लोक टाटा इन्स्टिट्यूट म्हणत. म्हणजे घरात केमिस्ट्री जेवणाच्या पाटावर होती.

१९३३मध्ये कमलाबाईंनी मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन बीएस्सी केलं. पहिल्या आल्या. पुढे कुठे जायचं हा प्रश्नच नव्हता, वडील-काकांच्या संस्थेत. अर्ज केला आणि नकार आला. मार्क कमी नव्हते. संस्थेचे संचालक सी. व्ही. रमण, नोबेल मिळून तीनच वर्षं झालेली, आणि त्यांचं मत असं होतं की मुलींना संशोधन जमत नाही.

त्यांच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हा विचार मी बऱ्याचदा केला. आपल्याकडे नकाराचा ईमेल येतो, आपण तो मित्राला फॉरवर्ड करतो, शिव्या देतो आणि दुसरीकडे अर्ज टाकतो. कमलाबाई थेट बंगलोरला गेल्या. नकाराचं कारण विचारलं आणि रमण यांच्या कार्यालयासमोर सत्याग्रह केला. तो गांधीजींचा काळ होता.

शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, काम समाधानकारक वाटलं तरच ते मान्य होईल. मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्री उशिरापर्यंत काम करावं लागेल. आणि पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होता कामा नये. ही शेवटची अट आजही वाचताना डोकं फिरतं. कमलाबाईंनाही तो अपमान वाटला आणि तो त्या शेवटपर्यंत विसरल्या नाहीत. पण त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या शिस्तीचे, पण शिकवणारे होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध, डाळी आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने रमण यांची खात्री पटली, आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६मध्ये कमलाबाई एमएस्सी झाल्या. वर्षभर त्या प्रोबेशनवर राहिल्या, पण दार त्यांच्यामागून येणाऱ्यांसाठीही उघडलं.

केंब्रिज, पहिला पदार्थ: अ‍ॅड्रेनालाइन

१९३७मध्ये शिष्यवृत्त्या मिळवून त्या केंब्रिजला गेल्या, न्यूनम कॉलेजात. तिथला जीवरसायन विभाग फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांचा, ज्यांना व्हिटॅमिनच्या संशोधनासाठी १९२९चं नोबेल विभागून मिळालं होतं. हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत स्त्रियांना जागा मिळत असे. केंब्रिज विद्यापीठ मात्र तेव्हा स्त्रियांना पदवीचं नाव देई, पुरुषांसारखं पूर्ण सभासदत्व देत नसे. ते १९४८मध्ये सुरू झालं. म्हणजे दारं फक्त बंगलोरलाच बंद होती असं नाही.

कमलाबाईंनी आधी डेरेक रिश्टर यांच्यासोबत काम केलं. १९३८मध्ये दोघांचा एक शोधनिबंध आला, प्राण्यांमधली फिनोलेज एन्झाइम आणि अ‍ॅड्रेनालाइन या विषयावर. शब्द अवघड वाटतात, पण यातलं अर्धं आपण रोज स्वयंपाकघरात बघतो.

बटाटा कापून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत तो तपकिरी पडायला लागतो. बटाट्यात फिनॉल जातीचे रेणू असतात, आणि ते वेगळ्या कप्प्यात बंद ठेवलेले असतात. सुरीने कप्पे फुटतात, हवेतला ऑक्सिजन आत येतो, आणि फिनोलेज एन्झाइम त्या रेणूंकडून इलेक्ट्रॉन काढून ऑक्सिजनला द्यायला मदत करतं. फिनॉलचं क्विनोन होतं, आणि क्विनोन एकमेकांना चिकटत जाऊन तपकिरी रंग तयार होतो. फिनॉल आणि क्विनोन यांच्यामध्ये, फक्त एकच इलेक्ट्रॉन गेलेला असा एक थांबा असतो. त्याचं नाव सेमिक्विनोन, आणि ते फ्री रॅडिकल असतं. १९३०च्या दशकात लिओनॉर मायकेलिस हे शास्त्रज्ञ नेमकं हेच मांडत होते, की इलेक्ट्रॉन दोन-दोनच्या जोडीनेच जातात असं नाही, एकेक करूनही जातात. अनेकांना ते पटत नव्हतं.

आता अर्ध्या फोडींना लिंबू चोळा. त्या पांढऱ्या राहतात. लिंबाचा आंबटपणा एन्झाइमला मंद करतो आणि लिंबातलं व्हिटॅमिन सी क्विनोनला इलेक्ट्रॉन परत देऊन टाकतं. अँटिऑक्सिडंट या भारदस्त शब्दाचा अर्थ एवढाच आहे: स्वतःचा इलेक्ट्रॉन देणारा. देताना व्हिटॅमिन सी स्वतःही रॅडिकल बनतं, पण त्याचा एकटा इलेक्ट्रॉन रेणूभर पसरून राहतो, म्हणून ते शांत असतं, कुणाच्या अंगावर जात नाही.

अ‍ॅड्रेनालाइनचा रेणूही याच फिनॉलच्या कुळातला. आपण घाबरलो, पळायला लागलो की रक्तात येतं तेच हे. त्याच्याकडून इलेक्ट्रॉन निघून गेले की ते गुलाबी पडतं, त्या गुलाबी पदार्थाला अ‍ॅड्रेनोक्रोम म्हणतात. दवाखान्यात गुलाबी झालेलं अ‍ॅड्रेनालाइनचं इंजेक्शन फेकून देतात ते यामुळेच. हा गुलाबी रंग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरा पदार्थ: सायटोक्रोम सी

रिश्टर दुसरीकडे गेल्यावर कमलाबाई रॉबिन हिल यांच्याकडे आल्या. वनस्पतींच्या प्रकाशसंश्लेषणातल्या हिल अभिक्रियेला ज्यांचं नाव आहे, तेच हिल. इथे त्यांच्या कामाचा विषय होता वनस्पतींचं श्वसन.

आपण जेवतो त्यातून निघालेले इलेक्ट्रॉन शेवटी श्वासातून आलेल्या ऑक्सिजनला मिळतात. या दोन टोकांमधला फरक आहे साधारण १.१ व्होल्ट. फोनच्या बॅटरीत ३.७ व्होल्ट असतात, म्हणजे तिच्या एक तृतीयांशाहून थोडा कमी. हे सगळे इलेक्ट्रॉन एकदम ऑक्सिजनवर सोडले तर उष्णता होऊन वाया जाईल. म्हणून पेशीतल्या मायटोकाँड्रियामध्ये ते पायरीपायरीने उतरवले जातात, आणि प्रत्येक पायरीवर ऊर्जा साठवली जाते. आगीच्या वेळी पाण्याच्या बादल्या हातोहात पोचवणारी माणसांची रांग डोळ्यासमोर आणा.

या रांगेतला शेवटून दुसरा गडी म्हणजे सायटोक्रोम सी. एक छोटं प्रथिन, मधोमध लोखंडाचा एक अणू. ते एका वेळी एकच इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढे देतं. लोखंडाने इलेक्ट्रॉन घेतला की त्याचा रंग बदलतो आणि ५५० नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरव्या प्रकाशात एक काळी रेघ उमटते. केंब्रिजमध्येच डेव्हिड कैलिन यांनी १९२५मध्ये कीटकांच्या स्नायूंत आणि यीस्टमध्ये अशा रेघा स्पेक्ट्रोस्कोपमधून पाहिल्या होत्या आणि त्या पदार्थांना सायटोक्रोम हे नाव दिलं होतं.

प्रश्न होता झाडांचा. प्राण्यांसारखीच ही रांग झाडांतही आहे का? हिरव्या पानांत बघणं कठीण, कारण हरितद्रव्याचा रंग सगळं झाकून टाकतो. बटाट्यात हरितद्रव्य नाही. कमलाबाईंनी बटाट्यावर काम केलं आणि वनस्पतींच्या पेशीतही सायटोक्रोम सी आहे, त्याच्याकडून इलेक्ट्रॉन घेणारं ऑक्सिडेज एन्झाइमही आहे, हे दाखवलं. १९३९मध्ये हिल आणि भागवत या नावांनी सपुष्प वनस्पतींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजवर नेचर या नियतकालिकात टिपण आलं. जंगलातला मोह, शेतातलं धान, झाडावरचं माकड आणि खाली उभी असलेली तुम्ही-आम्ही माणसं, सगळ्यांचा श्वास एकाच पद्धतीने चालतो, ही समज पक्की होण्यात या कामाचा वाटा आहे. माणूस आणि चिंपांझी यांच्या सायटोक्रोम सीमध्ये तर १०४ अमिनो आम्लांपैकी एकाचाही फरक नाही.

त्याच वर्षी त्यांना पीएचडी मिळाली. प्रबंध जेमतेम चाळीस पानांचा होता आणि सगळं काम चौदा महिन्यांत झालं होतं. विज्ञानातली पीएचडी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं.

तीस वर्षांनी काय झालं

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. कमलाबाईंनी फ्री रॅडिकल शोधले असं मी म्हणत नाही. त्यांचा विषय एन्झाइम होता. पण पुढे जे घडलं ते वाचून मी लॅपटॉपसमोरून उठून घरात एक चक्कर मारून आले.

इलेक्ट्रॉनच्या त्या रांगेत कधीकधी बादली हिंदकळते. एखादा इलेक्ट्रॉन शेवटपर्यंत न पोचता मध्येच ऑक्सिजनच्या हाती लागतो. एकच इलेक्ट्रॉन मिळालेला ऑक्सिजन म्हणजे सुपरऑक्साइड, एक फ्री रॅडिकल. १९५४मध्ये रेबेका गर्शमन आणि सहकाऱ्यांनी मांडलं की जास्त ऑक्सिजन विषारी ठरतो तो अशा रॅडिकलमुळे. १९५६मध्ये डेनम हार्मन यांनी म्हातारपणाचा संबंध रॅडिकलशी जोडला. मात्र शरीरात हे खरंच तयार होतात याचा पुरावा हवा होता. इतक्या कमी वेळ जगणारी गोष्ट मोजायची कशी?

१९६९मध्ये अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात जो मॅकॉर्ड आणि आयर्विन फ्रिडोविच यांनी एक एन्झाइम ओळखलं. सुपरऑक्साइडला निकामी करणं हे त्याचं काम, म्हणून नाव सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. शरीराने रॅडिकलसाठी खास सफाई कामगार नेमलेत, म्हणजे रॅडिकल तिथे असणारच! आणि मोजायला त्यांनी काय वापरलं? सायटोक्रोम सी. सुपरऑक्साइड आपला जादा इलेक्ट्रॉन सायटोक्रोम सीला देतं, ५५० नॅनोमीटरवर रंग बदलतो. सफाई एन्झाइम टाकलं की रंग बदलणं मंदावतं. तीन वर्षांनी, १९७२मध्ये, मिश्रा आणि फ्रिडोविच यांनी दुसरी चाचणी दिली. त्यात वापरलं अ‍ॅड्रेनालाइन. ते गुलाबी होताना सुपरऑक्साइड त्या साखळीत भाग घेतं, एन्झाइम टाकलं की गुलाबी होणं थांबतं.

कमलाबाईंनी केंब्रिजमध्ये ज्या दोन पदार्थांवर काम केलं, तेच दोन पदार्थ पुढे फ्री रॅडिकल मोजण्याचे मीटर झाले. दोन्ही चाचण्या आजही प्रयोगशाळांत करतात. यात कुणी ठरवून काही केलं नव्हतं. पण एखादी गोष्ट नीट, खोलात जाऊन समजून घेतलेली असली की ती पुढे कुणाच्या कशासाठी उपयोगी पडेल हे सांगता येत नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले ओपन सोर्स लायब्ररीबद्दल हेच म्हणतो.

परत भारतात: वाल, नीरा आणि दूध

१९३९मध्ये त्या परत आल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज मेडिकल कॉलेजमध्ये जीवरसायन विभाग सांभाळला, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत व्हिटॅमिनवर काम केलं. १९४७मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. तिथे विज्ञान संस्थेत जीवरसायन शिकवू लागल्या. संस्थेचं संचालकपदही त्यांना मिळालं, पण हक्काच्या वेळेपेक्षा बरंच उशिरा.

केंब्रिजचा विषय पुढे चालवून त्या युरोप-अमेरिकेत नाव कमावू शकल्या असत्या. त्यांनी विषय निवडला तो इथल्या माणसांच्या ताटातला. कडधान्यांत ट्रिप्सिन इन्हिबिटर नावाची प्रथिनं असतात, ती आपल्या पोटातल्या प्रथिन पचवणाऱ्या एन्झाइमला अडवतात. १९५५मध्ये सोहोनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने वाल आणि डबल बीन यांतून ही प्रथिनं स्फटिकरूपात वेगळी केल्याचं नेचरमध्ये प्रसिद्ध झालं. आपल्या झाडीपट्टीत हिवाळ्यात पोपटाच्या शेंगांची भाजी होते, ती याच वालाच्या कुळातली. अशी कडधान्यं नीट शिजवून खायची, कारण उष्णतेने हे अडवणारे रेणू बरेचसे निकामी होतात. आजी वाल भिजवते आणि मऊ होईपर्यंत शिजवते, त्यामागे हे रसायनशास्त्र आहे.

मग नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी तिचा अभ्यास हाती घेतला. गडचिरोलीत शिंदीची झाडं आहेत, खाली सिरोंच्याकडे ताड आहेत, त्यामुळे झाडाला मडकं बांधणं आपल्याला नवीन नाही. पहाटे उतरवलेला ताजा गोड रस म्हणजे नीरा. ऊन चढलं की तो आंबतो आणि त्याची ताडी किंवा शिंदी होते. कमलाबाईंच्या गटाला ताज्या नीरेत व्हिटॅमिन सी, इतर काही व्हिटॅमिन आणि लोह आढळलं. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलांच्या आणि गरोदर स्त्रियांच्या आहारात ती दिल्यावर प्रकृतीत सुधारणा दिसली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. ज्यांच्यासाठी हे संशोधन झालं, ती माणसं म्हणजे मावशीच्या अंगणवाडीत येणारीच माणसं.

मुंबईच्या आरे दूध प्रकल्पालाही त्यांनी दुधाच्या गुणवत्तेबाबत सल्ला दिला. १९६६मध्ये काही स्त्रियांनी मिळून कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया ही ग्राहकांसाठीची संस्था काढली, त्यात कमलाबाई होत्या आणि ८०च्या दशकात तिच्या अध्यक्षही झाल्या. भेसळ कशी ओळखावी, खोट्या दाव्यांना कसं फसू नये, हे त्या किंमत या संस्थेच्या मासिकातून लिहीत राहिल्या. १९९८मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. 

मग डब्याचं काय?

मावशीला मी फोनवर हे सगळं सांगितलं, जवळजवळ तासभर. आधी तिला बटाटा कापायला लावला, अर्ध्या फोडींना लिंबू लावायला लावलं. मग म्हटलं की फ्री रॅडिकल खरे आहेत, जाहिरातीतलं तेवढं खोटं नाही. पण ते म्हणजे बाहेरून घुसलेला शत्रू नव्हे. आपण श्वास घेतो त्याचाच तो सांडलेला भाग आहे, आणि तो पुसायला शरीराची स्वतःची एन्झाइम आहेत. आपल्या पांढऱ्या पेशी तर जंतू मारायला मुद्दाम सुपरऑक्साइड तयार करतात. म्हणजे सगळेच रॅडिकल मारून टाकायचे हा विचारच चुकीचा.

दुसरं, जास्त अँटिऑक्सिडंट म्हणजे जास्त फायदा असं नाही. १९९४मध्ये फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. बीटा कॅरोटिन या अँटिऑक्सिडंटच्या गोळ्या घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग कमी व्हायला हवा होता. तो उलट १८ टक्क्यांनी जास्त आढळला. गाजर खाणं वेगळं आणि त्यातला एक रेणू काढून रोज मोठ्या मात्रेत गिळणं वेगळं.

मावशीने मध्येच विचारलं, मग तिच्याकडच्या बायकांनी काय खावं? त्याचं उत्तर तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. अमृत आहार योजनेतला गरम चौरस आहार, अंडं, डाळ, हिरव्या भाज्या, आवळा, लिंबू, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या. गरोदर बाईने डॉक्टरला न विचारता कुठलीही पावडर घेऊ नये, हेही मी सांगितलं. अठराशे रुपयांत किती डझन अंडी येतात याचा हिशोब तिने स्वतःच केला.

तिने डबा घेतला नाही. एजन्सीवाल्याला मात्र एकदा अंगणवाडीत बोलावून त्याच्यासमोर बटाटा कापून दाखवला म्हणे. लिंबू पाच रुपयांचं होतं.

तुमच्याही फोनवर अशी जाहिरात येईलच. ती पुढे ढकलण्याआधी घरातला एक बटाटा कापा, अर्ध्याला लिंबू लावा आणि पंधरा मिनिटं बघा.